रुक्मिणीची मूठ

२८ जुलै, सोमवार

धाकट्या जावेचा, रुक्मिणीचा फोन. न्हाणीत घसरली, उजव्या मनगटाला प्लास्टर. "ताई, यंदा कानबाईमायच्या रोटांचा गहू तुम्हीच मोजा." — किती सहज! जणू मधली वर्षं कोणी फडक्याने पुसून टाकली.

येते म्हटलं. फोन ठेवल्यावर हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते.

२९ जुलै

दिवसभर रुक्मिणीचा ललित डोळ्यांपुढे. आज मुलीचा बाप आहे, पण मला दिसतो तो टॉवेलात गुंडाळलेला. बाळंतपणानंतर रुक्मिणी अंथरुणाला खिळली, काशिनाथभाऊजींची नोकरी बारडोलीच्या साखर कारखान्यात. पोर आणून टाकलं उधन्याला, माझ्या मांडीवर. पोटचा जावेचा, पण पहिली पाच वर्षं माझा.

शेजारच्या लूमच्या खडखडाटात तो गाढ झोपायचा. वीज जाऊन लूम थांबले की दचकून रडायचा! मग मी शिवणयंत्र रिकामंच पायाने चालवत बसायची. तो झोपेपर्यंत.

भुसावळच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी मला लावलेली सवय — जेवणाआधी हात कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना, मग आमेन. धर्माचं काही नाही, हात आपोआप जातो. ललित बघून शिकला. आमेन त्याच्या कानावर कसं पडलं कोण जाणे — "अंबे!" म्हणायचा आणि भाताकडे झेप.

३१ जुलै

तेच भोवलं. ललित पाच वर्षांचा, कानबाईपुढे सगळे भाऊबंद बसलेले. मोजलेल्या गव्हाच्या पोळीचा, म्हणजे रोटाचा, घास घेण्याआधी त्याने हात कपाळाला नेला. रुक्मिणी तोवर हिंडूफिरू लागली होती. ताडकन उठली — "पोऱ्याले बाटाडी टाकं!"

मी बाटवलं! ज्याची दुपटी धुतली, त्याला!

म्हणाली, ह्या हातांनी मोजलेला गहू देवीला चालायचा नाही. आमचे हे खाली मान घालून बसले. दुसऱ्या दिवशी पोर बारडोलीला नेलं. वळणापर्यंत "मोठीमाय, मोठीमाय" ऐकू येत होतं.

आता हेच हात हवेत तिला. मिळतील.

२ ऑगस्ट

गोडादऱ्याला त्यांच्या आताच्या घरी गहू मोजला. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. भाऊजी. ललित. त्याची अश्विनी. छोटी गायत्री. आमचे हे. मी. रुक्मिणी पाठमोरी, डाव्या हाताने पुरण ढवळत.

तिचं नाव ओठांवर आणलं आणि गिळलं. तिची मूठ घातली नाही. गहू दळूनही आला.

आता स्वतःच्या नावाचा दाणा नसलेला रोट ती खाईल. तिला कधीच कळणार नाही. मला कळेल — तेवढं पुरे.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. रोट वाढले. माझ्या शेजारी गायत्री. तिने हात कपाळाला नेला, मग खांद्यांना —

मी रुक्मिणीकडे पाहिलं. ओरड आता, म्हटलं मनात. सगळ्यांसमोर ओरड, म्हणजे मलाही बोलता येईल!

तिने वाकून डाव्या हाताने पोरीचा हात धरला. "खांदे नंतर गं. आधी छाती."

"अंबे!" गायत्री म्हणाली आणि घास घेतला.

अश्विनी हसली. आईंनीच शिकवलंय म्हणे, बापलेक दोघांना.

"तू?" मी रुक्मिणीला विचारलं.

"ललितला तुमच्याकडून आणलं, तर घास गिळेना तो. तीन दिवस नुसता पाण्यावर. मग मीच हात धरून करायला लागले, तुमच्यासारखं. अंबे म्हणतो — देवीचंच तर नाव." खाली बघून म्हणाली, "तेव्हा तोंडातून गेलं ते गेलं. नंतर तुम्हाला सांगायला तोंड नव्हतं."

मग ती रोट खाऊ लागली. मी तिचा एकेक घास बघत राहिले.

४ ऑगस्ट

तापीवर कानबाईचं विसर्जन करून आलो. माझ्या वाट्याचा, माझ्या नावाच्या मुठीचा, सगळा रोट रुक्मिणीच्या ताटात ठेवला.

"का हो ताई?"

"मला नाही पचत," म्हटलं.