कलम सात

३ मार्च

चि. धाकटूस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण विचारलं तर तू "ठीक" एवढंच लिहिणार, आणि तेही लिहिलंस तर. तुझे दाजी कपाळावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतात. मी अजून त्याच टायरच्या दुकानात, चौकशीच्या टेबलाशी. दिवसभर बसून असते, त्यामुळे पायाला त्रास नाही. तू जाण्याआधी न्हाणीघरात बसवलेला कठडा अजून घट्ट आहे. आल्यागेल्याला कौतुक वाटतं, कारागीर कोण म्हणून विचारतात. मी सांगते, भाऊ. त्यापुढे कुणी विचारत नाही.

पत्र बघून दचकला असशील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. पत्ता तुझ्या गोदामातून मिळवला. तिथल्या माणसाने सांगितलं की तू फोर्कलिफ्ट चालवतोस आणि ताशी नऊ किलोमीटरच्या वर कधी जात नाहीस. त्याला ते कौतुकाने सांगायचं होतं. मी फोन ठेवून दिला.

आता कामाचं. संगणकावर खेळायच्या ऑनलाइन मोटार रॅलीच्या आपल्या मंडळात 'गोगलगाय' नावाने गेले दोन हंगाम जो माणूस गाडी चालवतो, तो तू आहेस. नाही म्हणू नकोस. अवघड वळणाआधी ब्रेकला दोनदा टोचायची खोड एकाच माणसाला आहे, आणि त्याच्या शेजारी बसून मी सहा वर्षं खऱ्या रॅलीत पुढच्या वळणांच्या नोट्स वाचल्या आहेत. आणि ती 'मोजपट्टी', जी नियमांवरून सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटते, ती मी. झालं सांगून.

गेल्या हंगामात काय झालं ते तू पाहिलंसच. गाडी कोणतीही घ्या म्हटल्यावर सगळ्यांनी तीच एक राक्षसी गाडी घेतली. पहिले पाच दर वेळी तेच, आणि बाकीचे कंटाळून निघून गेले. चव्वेचाळीसचे आपण एकोणतीस उरलो. म्हणून मी गाड्यांच्या वर्गांचा मसुदा केलाय. पहिला वर्ग चारही चाकांना ताकद देणाऱ्या आधुनिक गाड्यांचा. दुसरा पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या लहान गाड्यांचा, इंजिन सोळाशेच्या आत. तिसरा जुन्या, मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांचा, जशी आपली होती तशा. प्रत्येक वर्गाचे गुण वेगळे आणि हंगामाच्या मध्येच वर्ग बदलायचा नाही. 'हँडब्रेक' नावाचा तो भांडकुदळ आत्ताच ओरडतोय की ही लहान गाड्यांची भिकार चूल वेगळी कशाला. ओरडू दे.

कलम सात मात्र नीट वाच. तिसऱ्या वर्गात नोट्स वाचायला संगणकाचा आवाज नाही. जिवंत माणूस पाहिजे. तो त्याच्या घरात, चालवणारा त्याच्या घरात, मध्ये फक्त हेडफोन. वळण किती अवघड ते त्याने आकड्यात सांगायचं, आकडा जितका लहान तितकं वळण अवघड, आणि याने ऐकायचं.

हे कलम मी तुझ्यासाठी घातलंय. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? मला एकदा तुला नोट्स वाचून दाखवायच्या आहेत. एकच फेरी, बारा किलोमीटर. पडद्यावरच्या रस्त्यावर कुणाला काही होत नाही.

मतदान बावीस तारखेला आहे. तू 'हो' म्हण. बाकीच्यांना मी बघून घेते.

तब्येतीला जप. गोदामात थंडी असते म्हणतात, कानाला काहीतरी बांधत जा.

तुझी,
ताई


२४ मार्च

चि. धाकटूस,

आशीर्वाद.

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, पण मतदानाच्या ऑनलाइन सभेला आलास. तेवढं तरी केलंस.

माझी नियमावली मंजूर झाली. अध्यक्ष म्हणाले, "मोजपट्टीबाई, तुम्ही खेळ भरवताय की कोर्ट?" ते दातांचे डॉक्टर आहेत, समोरच्याचं तोंड बंद असलं की त्यांना सुचत नाही, म्हणून प्रत्येक कलमावर मला काहीतरी बोलायला लावत होते. हँडब्रेकने लहान गाड्यांना शिव्या घातल्या आणि शेवटी स्वतःचं नाव त्याच वर्गात दिलं. तिन्ही वर्ग ठरले, गुण ठरले, दंड ठरले. कलम सात पडलं. बाजूने बारा, विरोधात सोळा, एक तटस्थ.

तुझं एक मत इकडचं तिकडे झालं असतं तरी ते पडलंच असतं. पण मताआधी तू जे लिहिलंस ते सगळ्यांनी ऐकलं, आणि मला 'हो' म्हणून शब्द दिलेले चारजण त्यानंतर फिरले. मी मंडळाची चिटणीस, मतं मोजायचं काम माझंच. तुझं लिहिणं मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं, कारण अध्यक्षांचा माइक ऐनवेळी बिघडला होता. "नऊ वर्षांपूर्वी मी खरी गाडी चालवायचो. माझ्या ताईने नोट बरोबर वाचली होती. मी ऐकलं नाही. तिचा पाय गेला. संगणकाला पाय नसतात. म्हणून माझा विरोध."

 मग अध्यक्षांनी लिहून पाठवलं, "वाचा पुढचं." मी पुढचं वाचलं.

तिथे मोजपट्टी कोण हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, म्हणून निभावलं. पण तू असं सगळ्यांसमोर का लिहिलंस रे? मला शिक्षा म्हणून, की स्वतःला? मला वाटतं, स्वतःला. तू लहानपणापासून असाच. कप फुटला की फोडणाऱ्याच्या आधी तू रडायचास.

त्या दिवसाबद्दल मला बोलायचंय. पण पत्रात नको, समोरासमोर. दाजी दर शनिवारी दिवसभर बाहेर असतात. तू ये. जेवायलाही थांबू नकोस हवं तर, पण ये. ऐकून जा आणि मग जे करायचं ते कर.

तुझ्या येण्याची वाट पाहणारी,
ताई


१९ एप्रिल

धाकटू,

तुझी चिठ्ठी मिळाली. चारच ओळी. त्या इथे उतरवते, म्हणजे मला त्यांच्यापासून पळता येणार नाही.

"ताई, मी येणार नाही. तुझा आवाज पुन्हा कानात घालून चालवायची माझी लायकी नाही. आईने शेवटपर्यंत माझं तोंड पाहिलं नाही, बरोबरच केलं. तू मला माफ केलंस हे तुझं मोठेपण."

चिठ्ठी आल्यापासून मी दुकानात गिऱ्हाइकांना टायरची चुकीची मापं सांगतेय. मालकांनी काल घरी पाठवलं. तू समोर असशील तर सांगेन म्हणून नऊ वर्षं वेळ मारून नेली. तू समोर येणार नाहीस. तेव्हा कागदावरच सांगते.

मी नोट बरोबर वाचली नव्हती.

नोट्सच्या वहीचे कोपरे मी पायऱ्यांसारखे कापायचे, आठवतं? प्रत्येक पान आधीच्यापेक्षा जरा आखूड, म्हणजे गाडी कितीही हादरली तरी अंगठ्याला एका वेळी एकच पान लागावं. तूच हसायचास, म्हणायचास ताईची वही उंदराने खाल्लीय. त्या सकाळी मी सगळी वही नव्याने उतरवली, कारण जुनीत खाडाखोड फार झाली होती. अक्षर सुंदर आलं होतं. कोपरे कापायचे राहिले. कात्री सामानाच्या गाडीत होती आणि ती गाडी पुढे गेली होती. एक दिवस नाही कापले तर काय होतंय, असं मी स्वतःशी म्हटलं. तुला सांगितलंही नाही.

सातव्या किलोमीटरला दोन पानं एकदम उलटली. मधल्या पानावर होतं, उजवं दोन, आत आवळत जाणारं, कडेला दगडी मोरी. मी वाचलं पुढच्या पानावरचं, डावं पाच, लांब, मोकळं. तू पाय उचलला नाहीस, कारण मी तुला मोकळं सांगितलं होतं. वाचता वाचताच मला कळलं की हे पान पुढचं आहे. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मोरी आली.

दवाखान्यात चौकशीचे साहेब आले तेव्हा तू अजून शुद्धीवर नव्हतास. त्यांनी एवढंच विचारलं, "नोट बरोबर वाचली होतीत?" मी "हो" म्हणाले. तेव्हा वाटलं, पाय तर गेलाच आहे, निदान एवढं तरी आपल्या नावावर नको. वाटलं, तू उठशील, म्हणशील ताईने पाच सांगितलं, मग मी म्हणेन हो, माझा गोंधळ झाला, औषधांच्या गुंगीत होते. तू उठलास आणि तुला त्या मिनिटाचं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ते आठवणारही नाही. धाकटू, ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. हे वाक्य लिहिताना मला माझी किळस येतेय, पण ते खरं आहे.

मग तूच मला विचारलंस, "ताई, मी ऐकलं नाही का?" माझ्या उशाशी बसून विचारलंस, डोक्याला पट्टी होती तुझ्या. मी होकाराची मान हलवली. बोललेसुद्धा नाही. तेवढ्या मान हलवण्यावर तू तीन वर्षांची बंदी घेतलीस, 'बेदरकार' असा शेरा घेतलास, घर सोडलंस आणि ताशी नऊ किलोमीटरवर येऊन थांबलास.

आईचं तर मी कुणाला सांगू? शेवटच्या आठवड्यात ती सारखी विचारायची, "तो असा का गं सुटला होता? बहीण शेजारी बसलीय हेही दिसलं नाही त्याला?" मी तिचा हात धरून बसले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलले असते तर तिने तुला त्याच दिवशी बोलावून घेतलं असतं. मी म्हणाले, "आई, झोप." ती गेल्यावर तू फाटकापर्यंत येऊन परत गेलास, ते मी खिडकीतून पाहिलं. हाक मारली नाही. बाहेर आले असते तर सांगावं लागलं असतं.

कलम सात म्हणजे माझा मूर्खपणा. एकदा तुला बरोबर वाचून दाखवलं की माझ्या डोक्यातलं ते चुकीचं वाचणं पुसलं जाईल, असं काहीतरी मी धरून बसले होते. आणि तुला खरं न सांगताच सगळं जुळून येईल, हाही हिशेब त्यात होताच. इतक्या बारकाईने नियम लिहिणारी बाई मी, पण स्वतःसाठी पळवाटच शोधत होते.

आता जे करता येण्यासारखं होतं ते केलंय. फार नाही. त्या खऱ्या रॅलीच्या संघटनेला सगळं लिहून पाठवलं, सही करून. त्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं. चौकशीच्या निकालावरची हरकत तीस दिवसांच्या आत नोंदवायची असते, प्रकरण बंद आहे, कागद नष्ट केले आहेत. नियम बरोबर आहे. मीसुद्धा असाच लिहिला असता. म्हणजे तो शेरा तसाच राहणार.

मंडळालाही कळवलं, मोजपट्टी कोण आणि तिने काय केलं. चिटणीसपद सोडलं. अध्यक्षांनी "वाचलं" एवढंच उत्तर पाठवलं. दाजींना मंगळवारी सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून ते स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवतात. "तुला माहीत होतं आणि तू त्याला कठडा बसवू दिलास?" असं एकदाच विचारलं त्यांनी. 

या पत्राने तुझी नऊ वर्षं परत येत नाहीत, आणि आई तर नाहीच. तुला यातून सुटल्यासारखं वाटेल असंही मला वाटत नाही. इतकी वर्षं स्वतःचा राग केलास, तो राग आता कुठे ठेवायचा हे तुलाच कळणार नाही. माझ्यावर ठेव. मी इथेच आहे, पत्ता बदललेला नाही. पण तू लिहिशील, येशील अशी आशा मी धरलेली नाही, आणि धरायचा मला हक्कही नाही.

एवढंच नीट वाच, हवं तर मोठ्याने वाच. मी पाच म्हणाले, आणि तू पाचनेच गेलास. शेवटच्या क्षणापर्यंत तू एक शब्दही खाली पडू दिला नाहीस.

तू जिचं ऐकलंस,
ती