बायदसीचं पान

२ सप्टें.
गावी गौरी-गणपती गेले. मी इथं आखातात, गुदैबियात. रजा नाही, म्हणून आरती फोनवर. आईनं सुहासच्या वाटणीचे मोदक बाजूला काढून ठेवलेत. माझा धाकटा भाऊ. टगबोटीवरून पडला, इथल्याच समुद्रात. शोधला, मिळाला नाही. मिळाला नाही म्हणजे गेला नाही, हे आईचं गणित. रात्री मागच्या दाराला कडी घालत नाही ती. श्राद्धाचं नाव काढलं की फोन ठेवते. माझं काही चालत नाही.

४ सप्टें.
नवीन काम. जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानातल्या दगडांची पुसट अक्षरं पुन्हा कोरायची. शेठ म्हणतो, यल्ला, चल लाग, सोपं आहे. त्याचं काय जातं! खाऱ्या हवेनं दगडाचा पापड झालाय, छिन्नी लावली की पोपडे. दुपारी उन्हात बाहेरचं काम बंद, म्हणून उजाडताच सुरुवात.
चर्चतर्फे देखरेखीला फिलोमिनाबाई. वसईच्या. मराठी ऐकून बरं वाटलं.

८ सप्टें.
कोपऱ्यातला दगड. पहिलं नाव गेलंय, सन गेलाय. आडनाव तेवढं कसंबसं वाचता येतं : बायदसी. खाली 'ड्राउन्ड', बुडाला. बोटांनी अक्षरं चाचपत होतो, त्या शब्दाशी हात थांबला. आज दुसराच दगड घेतला.

११ सप्टें.
फि. बाईंना विचारलं, असलं कसलं हे आडनाव. शोधून आल्या. अस्सल जुनं इंग्रजी, आता क्वचितच कुणी लावतं. 'बाय द सी', म्हणजे समुद्राकाठचा. काठावर राहायचे, लोक तशी हाक मारायचे, तेच चिकटलं. पुढं आत कुठं लांब राहायला गेले तरी लिहीत राहिले. म्हटलं, आमचं काय वेगळं? आम्ही बंदरकर. बंदर पणजोबांनीच सोडलं. तरी सुहास बोटीवरच...
आणि हा समुद्राकाठचा! भराव घालून समुद्र पार पलीकडे ढकललाय. मधे रस्ता, टॉवर. काठ राहिलाच नाही याला.
निघताना बाई सहज बोलल्या, "बंदरकर, याच्या खाली कोणी असेलच असं नाही हं. बुडालेला मिळाला नाही तर नुसता दगडसुद्धा लावतात."


१५ सप्टें.
आडनाव कोरतोय. नळाखाली, बसमध्ये, डोक्यात तेच. काम करताना पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटतं. वळलो तर भिंत. समुद्र इथं नाही, तरी ओल्या दोराचा वास येतो. बाईंना येत नाही. भीती वाटते, खोटं कशाला लिहू.

२१ सप्टें. सर्वपित्री.
आबांचं, वडिलांचं, पान नेहमीसारखं बिल्डिंगच्या गच्चीवर. वडे, खीर, वाटाण्याची उसळ. कावळ्यानं भरपूर भाव खाल्ला. आबा जिवंतपणी तसेच.
दुसरं पान कब्रस्तानात नेलं, बायदसीला. ज्याला कोणी नाही त्यालाही वाढायचं, ही आबांचीच शिकवण. बाई म्हणाल्या, ठेवा, फक्त नंतर उचला.
पान मांडलं. वाढताना नाव घ्यायचं असतं. याचं पहिलं नाव कुणाला ठाऊक? नुसत्या आडनावानं कोण येणार? हात जोडले आणि तोंडून गेलं, "सुहास बंदरकर."
असलं बोललेलं परत घेता येत नाही. आई ज्याची वाट बघते त्याला मी वाढून मोकळा. मनात म्हटलं, शिवू नको रे बाबा, शिवू नको.
मी मागं सरकायच्या आत कावळा शिवला. एकच होता. वडा घेऊन भिंतीवरून गेला, पूर्वी समुद्र होता त्या बाजूला.

२२ सप्टें.
कोणासाठी शिवला? दगड बायदसीचा, तेव्हा त्याच्यासाठीच. बाई म्हणतात, इथले कावळे कशालाही शिवतात. असेल.
पण ओल्या दोराचा वास आज नव्हता. तो नाही म्हणून रडू आलं. बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली.

२४ सप्टें.
सकाळी आईचा फोन. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही. आवाज शांत. सुहास गेल्यापासून असा ऐकलाच नव्हता.
"सुहास इल्लो रे सपनात. पोटभर जेवलंय म्हणालो. खंय जेवलंस, ता विचारूक गेलंय, तवसर गेलोच."
मग, "बाबू, आता मागल्या दाराक कडी घालू काय?"
कामावर बोलवतायत सांगून फोन ठेवला. कोणी बोलवत नव्हतं.
बायदसीचं शेवटचं अक्षर राहिलंय. छिन्नी घेऊन बसलो आणि तसाच उठलो. आई संध्याकाळी परत विचारील.