बोगद्यातले तीन ठोके

शुक्रवार, १० मे

टण् — टण् — टण्! पहाटे त्याच आवाजानं जाग आली. ती घंटा गप्प होऊन जन्म लोटला, पण कानात पितळ अजून घुमतं. बाबांच्या सिग्नल केबिनमधली घंटा. पलीकडच्या स्टेशनातून तीन ठोके आले म्हणजे — गाडी सोडू का? लाइन मोकळी असली की बाबा तसेच तीन ठोके परत पाठवायचे. नसली की गप्प. तिकडची गाडी तिकडेच उभी.

घरीही तेच! ड्यूटीवरून आले की दारावर तीन ठोके. आतून आईनं कालथ्यानं पातेल्यावर तीन ठोके दिले की खुशाल आत यायचं. ती रागावलेली असली की आतून चकार शब्द नाही. मग बाबा पायरीवर बसून पाइप ओढत राहायचे — पावसातसुद्धा!

उद्या बाबांच्या त्या जुन्या लाइनच्या वाटेनं जायचंय. वॉटरफर्ड ते डंगार्व्हन, परवा परत. रूळ कधीच उपटून नेले, आता तिथून सायकली धावतात. मी, असंप्टा आणि पेग. असंप्टा माझी थोरली बहीण. नर्सची नोकरी सुटली पण आवाज अजून वॉर्डातलाच. पेग शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मास्तरांनी उभं केलं की वादळातल्या बोटीची ती कविता मी दुसऱ्या कडव्यावर हमखास विसरायचो, आणि पेग मान न वळवता पुढचा शब्द पुटपुटायची. पुढे तिचं लग्न झालं, माझं झालं. आता दोघंही एकटे.

आणि बुधवारी ती कॅनडाला चाललीय, मुलाकडे. कायमची.

असंप्टा फोनवर म्हणाली, "दोन दिवस आहेत तुझ्याकडे. राहा म्हण तिला. नाहीतर मी म्हणते!"

"तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"मग तू बोल! चौऱ्याहत्तर झाली तुला. शवपेटीतून विचारणार आहेस का?"

शनिवार, ११ मे. डंगार्व्हन

पाय माझे नाहीतच जणू. पण काय दिवस!

निघताना ब्ला खाल्ले. पिठानं माखलेला आपला मऊ पाव, आत बेकन. पेगच्या नाकाच्या शेंड्यावर पीठ लागलं. सांगितलं नाही. किल्मॅकथॉमसपर्यंत तसंच राहू दिलं — छान दिसत होतं.

कुंपणांवर हॉथॉर्नचा बहर, नुसता पांढराफेक. असंप्टाची बॅटरीवरची सायकल. आम्ही चढावर धापा टाकतोय आणि ही बाजूनं सुळकन पुढे! "दमलात का रे पोरांनो?"

"बॅटरी संपू दे तुझी," पेग ओरडली, "मग ढकलायला आम्हीच लागू!"

किल्मॅकथॉमसला, उंच पुलाच्या कमानीखाली बसून सूप प्यायलो. पेगला बाबांच्या घंटेची गोष्ट सांगितली, आईच्या पातेल्याचीही. खूप हसली. मग सूप ढवळत विचारते, "म्हणजे गप्प बसणं हेच उत्तर?"

"रेल्वेत तरी तसंच. येऊ नका, म्हणजे येऊ नका."

"आणि तुझ्या घरात?"

"घरात सूप गार व्हायचं."

तेव्हाच विचारायला हवं होतं. वाक्य ओठांवर होतं. पण असंप्टा टेबलाखालून लाथ मारायला लागली आणि लाथ पेगला लागली!

पुढे समुद्रावरचा वारा. कानातली यंत्रं शिट्ट्या घालायला लागली, म्हणून काढून खिशात टाकली. ती लावतो हे फक्त असंप्टाला ठाऊक. पेगला नाही, आणि कळायलाही नको. टक्कल दिसतं तेवढं पुरे.

मग बॅलीव्हॉइलचा बोगदा! ओल्या भिंती, नेचे, मिणमिणते दिवे, मानेवर थेंब. मी पुढे, मागे पेग, तिच्या मागे असंप्टा. लहानपणी इथून गाडीनं जाताना खिडक्या लावाव्या लागत, नाहीतर धुरानं तोंडं काळी. राहवलंच नाही — ती बोटीची कविता मोठ्यानं म्हणायला लागलो. आणि काय नवल, दुसऱ्या कडव्यावर अडकलो नाही! शेवटपर्यंत म्हटली. शेवटची ओळ आणि उजेड एकदमच आला. समोर समुद्र — निळा, डोळे दिपवणारा.

क्लोनीला आइस्क्रीम घेतलं, यंत्रं गुपचूप परत कानात घातली. पेगचं हातातच वितळत होतं.

"कविता कशी झाली?"

"छान. आता मदत लागत नाही तुला."

असं का म्हणाली? रात्री जेवताना 'राहा' म्हणायचं ठरवलं होतं. डोकं दुखतंय म्हणून लवकर खोलीत गेली.

रविवार, १२ मे

परत आलो. वारा पाठीला होता. पेग सबंध वाट पुढेच राहिली, काल सकाळी उगाचच घंटी वाजवत होती, आज एकदाही नाही. गायी आडव्या आल्या तेव्हा थांबली तेवढीच. मला नाही — गायींना "चला गं, मला उशीर होतोय" म्हणाली.

बंदरावर निरोप. गालाला गाल लावला. "नीट राहा, डेक्लन." मी म्हणालो, "प्रवास सुखाचा होवो." गाढव! हे वाक्य तयार केलं होतं का मी? असंप्टा माझ्याकडे बघतच नव्हती.

सोमवार, १३ मे

पाऊस. पोटऱ्यांत गोळे. पेगचा फोन नाही. मीही केला नाही.

मंगळवार, १४ मे

असंप्टा सकाळीच आली. कोट काढला नाही. चहा नको म्हणाली — म्हणजे प्रकरण गंभीर.

"मी दोन दिवस गप्प राहिले. आता नाही राहवत. इतका कोरडा कधी झालास रे तू? ती बिचारी आपणहून विचारते, आणि तू खुशाल कविता म्हणत पुढे!"

"काय विचारलं?"

"बोगद्यात! तीनदा घंटी! मी मागे होते, चांगली ऐकली. थांबून पुन्हा वाजवली. तुझी पाठ ढिम्म हलली नाही!"

माझा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. असंप्टानं ते पाहिलं.

"देवा! काढून ठेवली होतीस?"

"वारा होता."

"आणि तिला माहीतच नाही तू बहिरा आहेस!"

"तू का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणालास, एक अक्षर बोलायचं नाहीस!"

मग दोघंही हसायला लागलो, पण फार वेळ नाही.

फोन लावला. बंद. सायकल काढली आणि पायांत सपाता तशाच! पेगच्या दारावर तीन ठोके दिले. पुन्हा तीन. आतून काही नाही. पडदे ओढलेले. शेजारीण, मिसेस फ्लिन, कुंपणावरून म्हणाली, "उशीर केलात. डोनल आलाय ना तिचा, कॅनडाहून. सकाळीच दोघं गाडीत बॅगा टाकून गेली."

"विमान तर उद्याचं."

"ते मला काय माहीत? बॅगा मोठ्या होत्या."

बाबांसारखा पायरीवर बसलो. पाइप नाही, काही नाही. किती वेळ कोण जाणे. मग सायकलची घंटी काढली — स्क्रू जाम, नखं सोलली — आणि रुमालानं दाराच्या मुठीला बांधली. उत्तर उशिरा दिलं तर चालतं का, हे बाबांना कधी विचारलं नव्हतं.

मिसेस फ्लिन बघत होती. बघू दे.

बुधवार, १५ मे

सकाळी चहा टाकत होतो आणि दाराबाहेर ट्रिंग — ट्रिंग — ट्रिंग! यंत्रं कानात होती. उठल्या उठल्या लावली होती, का कोण जाणे.

दार उघडलं. एक उंच, अनोळखी माणूस. हातात माझी घंटी, रुमालासकट. नाक थेट पेगचं.

"मिस्टर पॉवर? मी डोनल. काल आईचं उरलेलं सामान घेऊन ट्रॅमोरला मावशीचा निरोप घ्यायला गेलो होतो, रात्री आलो तर दाराला हे. आई गाडीत बसलीय. म्हणते, दारात जा, तीनदा वाजव आणि थांब. आतून उत्तर आलं तर तिकीट रद्द, नाही आलं तर विमानतळ. मला खरं सांगा, तुम्हा दोघांना बरं आहे ना?"

त्याला तसंच उभं ठेवून आत धावलो. पातेलं सापडलं, कालथा सापडला. किती ठोके दिले मोजलं नाही — तीनापेक्षा पुष्कळ जास्त. हात थांबला तेव्हा बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. स्वच्छ ऐकू आला.