बाजूला झालास ते झालास

फिनलंड, गुरुवार दुपार

प्रिय स्ट्रुअन,

दार उघडायचं नसेल तर नको उघडूस. हाका मारून माझा घसा बसला, आणि इथल्या मालकीणबाई आता मला जिन्यात पाहिलं की कीव आल्यासारखं हसतात. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे. सूपही सरकवलं असतं, पण फट तेवढी मोठी नाही. ते बाहेर खुर्चीवर ठेवलंय. माशाचंच आहे, इथे रोज तेच असतं, त्याला मी काय करू?

आधी कालचं बोलून घेते, कारण काल तू मला बोलूच दिलं नाहीस. स्कीच्या शर्यतीत सहा जणांची फेरी, पहिले दोघे पुढच्या फेरीत जाणार, आणि शेवटच्या चढावर तू दुसरा होतास. आपल्या संघाचा मुलगा, दुसरा! मी कुंपणाला पोट टेकून अशी किंचाळत होते की शेजारचा इटालियन माणूस कानांवर हात ठेवून लांब जाऊन उभा राहिला. रॉडी, ज्याला इतक्या वर्षांत मी कधी घाई करताना पाहिलेलं नाही, तो आपला कोच बर्फातून कोलमडत पळत होता. आणि मग तुझ्या मागचा तो स्विस मुलगा ओरडला. काय ओरडला देव जाणे, बहुतेक स्वतःलाच जोर देत होता. आणि तू, माझ्या शहाण्या भावा, बर्फात कोरलेल्या रुळांतून दोन्ही स्की उचलल्यास, भल्या माणसासारखा बाजूला झालास, त्याला वाट करून दिलीस आणि वर सॉरी म्हणालास. त्याने वळून तुझ्याकडे पाहिलं रे! त्यालाही कळेना की याला झालं काय. तू पुन्हा रुळांत येईपर्यंत आणखी एक जण निघून गेला आणि तू चौथा आलास.

नियम मला सांगू नकोस. एकेकट्याला सोडतात त्या शर्यतीत मागच्याने हाक दिली की वाट द्यावी लागते, हे मीही जाणते. पण सगळे एकदम सुटले की तिथे कोणी वाट मागायची नसते आणि कोणी द्यायची नसते. हे तुला माहीत नाही असंही नाही. तुझ्या डोक्याला माहीत आहे, पायांना माहीत नाही. आणि कहर म्हणजे तोच मुलगा संध्याकाळी चॉकलेट घेऊन आला. आभार मानायला! आणि तू ते घेतलंस. मी जेवणघराच्या दारात उभी राहून कपाळावर हात मारून घेतला.

बाबांना फोन केला तर त्यांची वेगळीच तऱ्हा. त्यांनी सगळं स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. पहिला प्रश्न काय, तर "तो सॉरी म्हणाला ना?" मी म्हटलं, म्हणाला. "मग ठीक आहे," म्हणाले. मागून आई विचारत होती की पोरगा नीट जेवतोय का. मला वाटलं, फोन सरळ बर्फात फेकून द्यावा. कारण हे सगळं बाबांचंच काम आहे. आपल्याकडे सकाळी पडलेला बर्फ चहाच्या वेळेपर्यंत विरघळतो, म्हणून आपण वर्षभर चाकांच्या स्कींवर, व्हिस्कीच्या डिस्टिलरीमागच्या त्या अरुंद रस्त्यावर, पावसात सराव करतो. आणि व्हॅनमधून मागे मागे येणारे बाबा खिडकीतून डोकं काढून एकच सांगायचे, आवाज आला की बाजूला, काठी उचलून थँक यू म्हणायचं. ट्रॅक्टर आला, बाजूला. दुधाचा टँकर आला, बाजूला. मेंढ्या आल्या तरी बाजूला. तू तर सात-आठ वर्षांचा असल्यापासून गटारात उभा राहून हसतमुखाने हात हलवायचास आणि अख्खा तालुका म्हणायचा, काय गुणी पोर आहे! नॉर्वेची मुलं स्कीवर चालायला शिकतात. आपण वाटेतून दूर व्हायला शिकतो. सांग आता, चिडू कोणावर?

पण कालचं काल संपलं असतं. रात्री तुला चार शिव्या घातल्या असत्या, तू मला दोन घातल्या असत्यास, मग पत्ते खेळलो असतो. आज सकाळी तू रॉडीला जे सांगितलंस त्याने माझं डोकं फिरलंय. उद्याच्या रिलेत उतरणार नाही म्हणे. कारण काय, तर "मागून कोणी ओरडलं की माझे पाय आपोआप बाजूला जातात, माझ्यामुळे बाकीच्यांचं हसं होईल." रॉडीने टोपी काढली, परत घातली आणि "बघ बाबा, तुझी मर्जी," एवढंच म्हणाला. त्या माणसाच्या शांतपणाचाही मला आज संताप आला. अरे, ओरड ना त्याच्यावर! रिलेला चार जण लागतात. आपल्याकडे इथे बरोबर चार मुलं आहेत. तू नाही म्हणालास की तिघं उरतात, आणि तिघांना कोणी सुरुवातीच्या रेषेवर उभंसुद्धा करत नाही.

हसं होईल म्हणे. लॅक्लनने रिलेसाठी केस निळे रंगवलेत, तुला ठाऊक आहे ना? खूण लावलेल्या मेंढ्यासारखा दिसतो. त्याहून जास्त हसं तू काय करणार आहेस? आणि तुमच्या चौघांतले ते यॉर्कशायरचे दोघे, मी सगळ्यांच्या स्कींना मेण लावते त्या मेणाच्या खोलीत सकाळपासून माझ्या पायांत पायांत करतायत. हा बर्फ ओला आहे का, हे मेण चालेल का, ती स्की जास्त चिकटते का. मी त्यांना हाकलते, ते दुसऱ्या दाराने परत येतात. तू नाही म्हणालास हे रॉडीने त्यांना अजून सांगितलेलं नाही. मलाही सांगवलं नाही. लॅक्लन मघाशी विचारत होता, "स्ट्रुअन झोपलाय का?" मी हो म्हटलं. तुझ्यासाठी मी खोटं बोलले आणि त्याचाही मला राग आलाय.

तू म्हणशील, एवढं काय त्यात, हिला तर प्रत्येक गोष्टीचा राग येतो. येतोच. पण मोरवेनचं मी तुला कधी सांगितलं नाही. तू तेव्हा लहान होतास. मी, मोरवेन आणि अजून दोघी, आम्ही चौघी अशाच एका गावात होतो. आमचीही रिले दुसऱ्या दिवशी होती. मोरवेनच्या स्कीखाली तिच्या शर्यतीत बर्फाचे गोळे जमले, बिचारी अक्षरशः पावलं टाकत शेवटची आली. तिलाही वाटलं की आपल्यामुळे सगळ्यांचं हसं होईल. सकाळी उठून पाहिलं तर तिची बॅग नव्हती, विमानाने घरी निघून गेली होती. आम्ही तिघी शर्यतीचे कपडे घालून बसलो होतो. ते काढायचं कोणाच्या मनात येईना, म्हणून त्यावर जाकिटं चढवली आणि कुंपणापाशी उभं राहून दुसऱ्यांची रिले पाहिली. त्यानंतर मला पुन्हा कधी चौघी मिळाल्याच नाहीत. एक गुडघ्याने गेली, एक कॉलेजला गेली, आणि मी मेणाच्या खोलीत आले. लोक विचारतात, का सोडलंस? मी म्हणते, कंटाळा आला.

मोरवेन माझी शाळेपासूनची मैत्रीण होती. तिने लग्नाला बोलावलं, मी गेले नाही. बाजारात समोर दिसली तर मी तिच्याशी नीट बोलते, मुलगी कशी आहे विचारते, आणि मनातून तिला अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही. ती वाईट हरली म्हणून नव्हे, ती आली नाही म्हणून. उद्या तू आला नाहीस तर काय होईल, ते त्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे. मी तुझ्याशी भांडणार नाही. नाताळला घरी येईन, जेवताना बटाटे तुझ्याकडे सरकवीन, हवापाण्याच्या गप्पा मारीन, आणि तुला कळणारही नाही की तुझी बहीण उठून गेली आहे. मी अशीच आहे रे, माझा इलाज नाही. मोरवेनशिवाय माझं भागलं. तुझ्याशिवाय भागणार नाही, आणि हे तोंडावर सांगायला गेले तर मी रडेन, म्हणून लिहिते आहे. उद्या हवं तर अख्ख्या युरोपला वाट दे. प्रत्येकाला सॉरी म्हण. पण ये.

तुझीच,
इशबेल