गुडघ्याची गादी आणि कडब्याची खोली

प्रिय अलफिया,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनवर तू अम्मीशी बोलतेस आणि माझं नाव निघालं की तुला कामाची घाई होते, म्हणून शाळेत घोटवलेलं अक्षर आज बाहेर काढलं. नगरच्या डॉक्टरांनी काल सांगितलं, आता ऑपरेशनची गरज नाही. सुटलो बाई एकदाचा!

उन्हाळ्यात घोडेगावच्या बाजारात बैलानं हिसका दिला, पाय पिरगळला आणि गुडघ्यातली गादी फाटली. तू म्हणालीस, गुडघा अडकत नाही ना, मग आधी तीन महिने व्यायाम करू. मी बाजारातल्या आसारामचं उदाहरण धरून बसलो. त्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि गडी पुन्हा बाजारात उभा राहिला. त्याचा गुडघा अडकून सरळच होत नव्हता, त्याची गोष्ट निराळी, हे तू दहादा सांगितलंस. पण ऐकेल तो खाजाभाई कसला! त्यात तू दवाखान्यासाठी रस्त्याकडची कडब्याची खोली मागितलीस आणि मी चारचौघांत बोलून गेलो, की परक्यांचे पाय दाबायला का पोरीला शिकवलं? त्याच संध्याकाळी तू पुण्याची एसटी धरलीस. आठ महिने झाले, या घरात तुझं पाऊल नाही.

मग मी माझी अक्कल चालवली. बैल लंगडला की आपण त्याला खुंट्याला बांधून आराम देतो, तसं मी स्वतःला खाटेला बांधून घेतलं. दोन-तीन महिन्यांत मांडी वाळली, गुडघा जास्तच कुरकुरायला लागला आणि मशिदीत माझ्यासाठी मागं खुर्ची आली. कपाळ जमिनीला टेकेना, तेव्हा जीव फार तुटायचा गं. बैल माझ्यापेक्षा शहाणा, तो निदान स्वतःचं दावं स्वतः बांधत नाही.

ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, चालून दाखवा. चाळीस वर्षं गिऱ्हाइकापुढं बैल चालवलेला मी दलाल, छाती काढून सरळ चाललो. ऑपरेशन मागायला गेलो आणि लंगडणं लपवलं, सवयच ती मेली! डॉक्टरांनी दारातल्या माझ्या चपला उलट्या केल्या. एकीचीच टाच झिजलेली. बैलाचे खूर मी असेच बघतो. ते म्हणाले, वयानं झिजून फाटलेली गादी आहे, आधी तीन महिने व्यायाम करा, बहुतेकांना उतार पडतो. नाहीच पडला किंवा गुडघा अडकायला लागला, तर ऑपरेशन आहेच. अगदी तुझंच बोलणं. परक्या माणसाच्या तोंडून आलं तेव्हा पटलं, याची मला शरम वाटते.

तुझा व्यायामाचा कागद अम्मीनं पिठाच्या डब्याखाली जपून ठेवला होता. त्यावरून रोज पाय ताठ करणं, टाचा उचलणं, भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं सुरू केलं. ते बघून शेजारच्या बजरंगची हसून मुरकुंडी वळायची. जिना उतरताना अजून कळ येते, खोटं कशाला सांगू. पण मागच्या शुक्रवारी खुर्ची सोडली आणि जमिनीला कपाळ टेकून सजदा केला. उठताना डोळे पुसले, कुणी बघितलं नसेल.

तीन महिने भरले म्हणून काल पुन्हा दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम कुणाकडून शिकलात? मी म्हणालो, माझ्या मुलीकडून, ती फिजिओथेरपिस्ट आहे. हा शब्द गाडीत चारदा घोकला होता. पोरी, मी चुकलो. आज सकाळी कडबा मागच्या पत्र्याखाली हलवला आणि खोलीला चुना दिला. दाराचा उंबरा तेवढा फोडून काढलाय, दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसांना तो ओलांडायला जड जातो, हे आता मला कळतं. बजरंगचाही गुडघा धरलाय, पहिला नंबर माझा म्हणून बसलाय. पण त्याच्याआधी तू ये.

तुझाच हट्टी
अब्बा