झाडलेले विहार आणि माझी छत्री

वराळे,
रविवार

प्रिय नूरमहंमद यास,

सप्रेम जयभीम. तुझा सलाम पोचला असे धरून चालतो. खुर्शीदावहिनींचे गुडघे आणि तुझा खोकला (दोन्ही आपल्या मैत्रीइतकेच जुने) कसे आहेत ते कळव.

आधी तक्रार. आमचे जुने विहार पाडण्यापूर्वी तू त्याची मोजणी करायला लोणावळ्याहून आलास आणि जाताना माझी छत्री घेऊन गेलास. महिन्याने त्रिमिती मॉडेल धाडलेस. उघडतो तर खिडकीच्या गजाला माझी छत्री, मोडक्या काडीसह हुबेहूब. माल कुठून उचलला हे इतक्या अचूकपणे कळवणारा चोर कोणत्याही शास्त्रात सांगितलेला नाही.

यंत्र मात्र मला आवडले. दुधाच्या किटलीएवढे, हातात धरायचे, आणि डोके गरगर फिरवत लेसरने लाखो ठिपके टिपणारे. निघालो तिथेच परत आलो की वाटेत साचलेली चूक यंत्र निस्तरते, असे तू म्हणालास. (मनुष्यजन्मात ही सोय असती तर मी संस्कृत सोडून दुसरे काही शिकलो असतो.) आत कुणी हलायचे नाही, एवढीच तुझी अट. विहार समितीचा चिटणीस या नात्याने मी सगळ्यांना बाहेर काढले. आई तेवढी निघाली नाही. पाहुणा गेल्यावर लगेच झाडू नये, म्हणून तो आत असतानाच झाडून घ्यावे, हा तिचा नेम. (अंधश्रद्धा नव्हे, सवय, असे तीच सांगते.) तू गोल फिरलास, ती केरसुणी घेऊन तुझ्यामागे गोल फिरली. "मावशी, बसा ना जरा," तू तीनदा म्हणालास. "तू चाल रं बाबा, मी काय तुज्या पायात येत न्हाई."

मॉडेलच्या पहिल्या मसुद्यात आई होती. सात-आठ भागुबाई, ठिपक्याठिपक्यांच्या. कुणाला डोके नाही, कुणाची नुसतीच केरसुणी. मी तुला लेखी कळवले : 'मानवी अडथळा काढून टाकावा.' तू काढलास. छत्री हलली नव्हती, ती राहिली.

गेल्या महिन्यात आई अंगणात पडली, खुबा मोडला, हे तुला ठाऊक आहे. पडल्यापडल्या विहाराची आठवण काढते, म्हणून परवा तिला मोबाइलवर मॉडेल फिरवून दाखवले. बराच वेळ बघत होती.

"लय सोच्छ हाय. कुनी झाडलं?"

मी घाईने मॉडेल खिडकीकडे फिरवले.

"तुजी छत्री हाय की. मी कुटं हाय?"

"तू बाहेर होतीस," मी म्हणालो. चाळीस वर्षे जिथला केर तिने काढला, त्या विहाराच्या बाहेर. वाद घालेल असे वाटले होते, घालायला हवा होता. ती म्हणाली, "आसंन बाबा. यंतर कशाला खोटं दावंल?"

तुझा,
प्रदीप

ता. क. छत्री तुलाच ठेव.

आणखी एक. ते कच्चे ठिपके पुसले नसशील तर पाठव. बिनडोक्याची, अर्धीमुर्धी, कशीही चालेल. डॉक्टर म्हणतात, आता ती चालायची नाही. मॉडेलमधून तिला मीच काढायला लावले, हे तिला सांगायचे आहे. हातात दाखवायला काही नसताना धीर होत नाही. कालपासून ती भेटायला येणाऱ्याला सांगू लागली आहे की, "मोजनी झाली तवा मी बाहीर हुते." मला त्याची फार भीती वाटते.