टाकीला घाम येत नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा बोटींची इंजिनं दुरुस्त करणं, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. हृदय साथ देत नाही, डोकं देतं. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला जोडला आहे. सूनबाईचं मत वेगळं असेल, ते तिने विचारल्याशिवाय सांगू नये.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. जिन्याखालच्या खोलीवरून भांडू नये. ती दमट आहे, कोणालाच नको असणार.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. माझ्या आजारपणात ती उशाशी बसून राहिली आणि भाऊ का येत नाही, हे एकदाही विचारलं नाही.

३. पान्यांची पेटी माझ्या शेडमधल्या वेल्डरला द्यायची होती. पण साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही म्हणे, आणि साक्षीला दुसरा विश्वासाचा माणूस मला मिळेना. सबब पेटी नातीला. ती अजून नट उलटे फिरवते, शिकेल.

४. बोट. ती माझ्या नावावर आहे, चालवतो मुलगा. रोज माणसं खाडीपार नेतो, नातही तिच्यातूनच शाळेला जाते.

बोटीची इंधनाची टाकी ॲल्युमिनियमची, जुन्या पेट्रोलच्या काळातली. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात, तळाशी बसतात आणि पत्रा कुरतडतात. आमचे चिरंजीव पावसाळ्यातल्या बंद हंगामात टाकी अर्धी रिकामी ठेवतात, म्हणजे आत हवाच हवा. वर हौसेने टाकीला नळी जोडायला पितळेचा चकचकीत एल्बो बसवला आहे. ॲल्युमिनियमला पितळ टेकलं आणि मध्ये असलं पाणी आलं, की पत्रा दुप्पट घाईने झिजतो.

गेल्या महिन्यात मी टाकीखाली हात घातला. बोटांना पांढरी भुकटी लागली, आणि ओल.

"घाम आहे तो, आई. गार पत्र्याला येतो."

"घामाला पेट्रोलचा वास येतो का रे?"

"इंजिन कसं चालतंय बघ ना! एकदा तरी बंद पडलं?"

बंद पडेल कसं? इंधन ओढणाऱ्या नळीचं तोंड तळापासून बोटभर वर आहे. इंजिनाला वरचं चांगलं पेट्रोल मिळतं आणि खाली टाकी सडते. हे मी सांगितलं, जरा चढ्या आवाजात सांगितलं. तो म्हणाला, "तुला सगळीकडे स्फोटच दिसतात. बाबासुद्धा याच कटकटीला वैतागले होते." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्याच्या बापाला मध्ये आणायची गरज नव्हती.

तरी बोट त्यालाच द्यावी, मात्र प्लास्टिकची टाकी, इथेनॉलला टिकणारी रबरी नळी आणि पाणी अडवणारा फिल्टर बसवल्यावरच, असं मी वकिलीणबाईंना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि सहज म्हणाल्या, "म्हणजे हे तुमच्या पश्चात लागू होईल."

माझ्या पश्चात! डॉक्टरीणबाई मला वर्षभर देतात. टाकी तेवढं देईल का, मला माहीत नाही. मला भीती वाटते. सकाळी नात दप्तर घेऊन धक्क्याकडे निघते, तेव्हा सगळ्यात जास्त वाटते.

५. म्हणून कलम चार रद्द. बोट मी कोणालाही देत नाही. मी अजून जिवंत आहे आणि मालकीण आहे. सही होताच वेल्डरने धक्क्यावर जाऊन इंजिनाची चावी ताब्यात घ्यावी. टाकी रिकामी करावी, हवा खेळू द्यावी, बोल्ट सोडवून ती उचलून आणावी. वेल्डिंगचं यंत्र घरीच ठेवावं, रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते.

मुलगा ओरडेल. आईने पोटावर पाय दिला म्हणेल. म्हणू दे. उद्या माझ्या अंत्ययात्रेलाही आला नाही, तरी माझी तक्रार नाही.

तो माझ्यानंतर मरावा, एवढीच माझी शेवटची इच्छा आहे.

सही: (स्वतःच्या हाताने)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई. २. वेल्डर (सही करून धक्क्याकडे गेले).
ठिकाण: इंजिन दुरुस्तीची शेड
दिनांक: नऊ मार्च, सोमवार